मुंगळ्याचा जबडा आणि माणसाचे ३७ अंश

नॉटी डॉग या कंपनीचा ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम जून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला, २०२० मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला, आणि २०२३ मध्ये त्यावरची मालिका आल्यावर, ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही, अशी मंडळीही ‘कॉर्डिसेप्स’ या बुरशीचे नाव घेऊ लागली. ही बुरशी माणसांच्या मेंदूचा ताबा घेते, अमेरिका उद्ध्वस्त होते, आणि वीस वर्षांनी जोएल नावाचा कडवट माणूस एली या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या ओसाड देशातून प्रवासाला निघतो, एवढे कथानक आपल्याला पुरे आहे. गेमच्या कर्त्यांना ही कल्पना बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’ या माहितीपटातल्या, बुरशीने ग्रासलेल्या मुंगीच्या दृश्यावरून सुचली. त्या मुंगीपर्यंत सगळे खरे आहे. मुंगीपासून माणसापर्यंत येताना विज्ञानाचा हात नेमका कुठे सुटतो, हे पाहणे मला गेममधल्या राक्षसांपेक्षा अधिक रंजक वाटते.

ठाण्यातल्या कोणत्याही जुन्या सोसायटीत आंब्याच्या खोडावर जे काळे मुंगळे चढता-उतरताना दिसतात, ते कॅम्पोनोटस या प्रजातीचे असतात. त्यांच्या उष्ण कटिबंधातल्या जंगली भाऊबंदांवर ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस ही बुरशी जगते. तिचा बीजाणू मुंगळ्याच्या अंगावर चिकटतो आणि कवच भेदून आत शिरतो. पुढे काही दिवस मुंगळा नेहमीसारखाच वागतो. मग तो वारूळ आणि रोजची वाट सोडून भरकटतो, झटके येऊन झाडावरून खाली पडतो, आणि शेवटी एखाद्या रोपट्याच्या पानाखाली जाऊन पानाची मधली शीर जबड्यात घट्ट पकडतो. थायलंडच्या जंगलात केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी पाने जमिनीपासून साधारण २५ सेंटीमीटर उंचीवर आढळली. तिथली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास आणि तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस होते, म्हणजे बुरशीला हवे तेवढेच. जबड्याच्या स्नायूंची इतकी हानी झालेली असते की मेल्यावरही ती पकड सुटत नाही. काही दिवसांनी मुंगळ्याच्या मानेमागून एक बारीक देठ बाहेर येतो आणि त्यावरून बीजाणू खाली, इतर मुंगळ्यांच्या वाटेवर पडू लागतात. हे प्रकरण नवे नाही: जर्मनीतल्या मेसेल येथे सापडलेल्या सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका जीवाश्म पानावर, शिरेच्या दोन्ही बाजूंना, अशाच चाव्याच्या खुणा आहेत.

गेममध्ये या संसर्गाला मेंदूचा संसर्ग म्हटले आहे, आणि बाधितांच्या डोक्यातून उमललेली बुरशी हेच त्याचे सर्वांत गाजलेले चित्र आहे. मुंगळ्यात मात्र २०१७ मध्ये वेगळेच दिसले. संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या प्रतिमा संगणकाकडून तपासून घेतल्या, तेव्हा बुरशीच्या पेशी डोक्यात, छातीत, पोटात आणि पायांत सर्वत्र सापडल्या, स्नायूंच्या तंतूंभोवती त्यांनी एकमेकींना जोडून जाळे विणले होते, परंतु प्रत्यक्ष मेंदूत त्या शिरल्या नव्हत्या. वागणूक बदलते ती बहुधा बुरशीच्या रासायनिक स्रावांमुळे आणि स्नायूंवरच्या थेट ताब्यामुळे. शिवाय ही बुरशी यजमान कमालीचा निवडून घेते. प्रयोगशाळेत ती भलत्या जातीच्या मुंगीला टोचली, तर ती मुंगी मरते, पण पानाला चावायला जात नाही. दोन मुंग्यांमधले अंतर ज्या बुरशीला ओलांडता येत नाही, ती एका उडीत माणसापर्यंत पोहोचेल, हे पटण्यासारखे नाही.

त्याहून मोठा अडसर आपल्या रक्ताच्या उबेचा आहे. आर्तुरो कासादेवाल आणि व्हिन्सेंट रॉबर्ट या संशोधकांनी २००९ मध्ये सुमारे ४,८०० बुरशी-वाणांची तापमान सहन करण्याची क्षमता तपासली, तेव्हा ३० ते ४० अंशांच्या दरम्यान दर अंशाला सुमारे ६ टक्के वाण बाद होत जातात असे आढळले. माणसाचे ३७ अंश बहुतेक बुरश्यांना सोसत नाहीत. याचा पुरावा निसर्गाने फार क्रूरपणे दिलेला आहे. कायट्रिड बुरशीने जगभरातल्या शेकडो बेडूकवर्गीय जातींची संख्या घटवली आणि काही जाती नामशेष केल्या. बेडकांना स्वतःची ऊब नसते. उत्तर अमेरिकेत २००६ पासून ‘पांढरे नाक’ या बुरशीजन्य रोगाने लक्षावधी वटवाघळे मेली, आणि वटवाघूळ तर आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी! पण ही बुरशी २० अंशांच्या वर वाढतच नाही. ती वटवाघळांना हिवाळ्याच्या दीर्घ झोपेत, त्यांचे शरीर गुहेइतके थंड पडलेले असताना गाठते.

गेममध्ये संसर्ग दोन मार्गांनी होतो, हवेतल्या बीजाणूंमुळे आणि चाव्यामुळे. यातला पहिला मार्ग अगदी खरा आहे. ऑगस्टमध्ये ठाण्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवट लव चढते, आणि तिच्यातले ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू आपण श्वासावाटे घेतच असतो. धडधाकट माणसाची फुप्फुसे ते निपटून काढतात. चाव्याचा मार्ग दुर्मीळ असला तरी अशक्य नाही: ब्राझीलमध्ये स्पोरोथ्रिक्स ब्रासिलिएन्सिस ही बुरशी मांजरांच्या ओरखड्यांतून आणि चाव्यांतून माणसांत येते. माणसाकडून माणसाकडे सर्रास जाणारी बुरशी पाहायची, तर मात्र ओसाड शहरात जायला नको. ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत, घामाने भिजलेल्या कपड्यांखाली नायटा आपला प्रसार चालवून असतो. तो त्वचेच्या वरच्या मृत थरात राहतो, जिथे शरीराची आतली ऊब पूर्ण पोहोचत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे चोळल्याने खाज तेवढी थांबते आणि नायटा पसरत राहतो. २०२० मध्ये ज्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले, तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध चालत नाही, आणि भारतात फोफावलेली ही बुरशी आता इतर देशांतही आढळते.

(गेम खेळायचा राहिला असेल, तर हा परिच्छेद सोडावा.) एलीला या संसर्गाची बाधा होत नाही, म्हणून शेवटी डॉक्टर तिच्या मेंदूतून लस बनवायला निघतात. प्रत्यक्षात बुरशीजन्य रोगावर माणसांसाठी मान्यता मिळालेली एकही लस आज नाही. औषधांचे गटही मोजकेच आहेत, कारण बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची आहे, आणि तिच्या पेशी मारून आपल्या वाचवायच्या, तर नेम धरायला जागा थोडी उरते. गंमत अशी की अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात ते सायक्लोस्पोरिन टोलिपोक्लेडियम या बुरशीपासून मिळाले, आणि ती ऑफिओकॉर्डिसेप्सच्याच कुळातली आहे. या औषधाने प्रतिकार मंदावलेल्या रुग्णाला मग इतर बुरश्यांपासून जपावे लागते. प्रतिकारशक्तीचा पहारा उठला की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. म्युकरमायकोसिस तेव्हा एकाकडून दुसऱ्याला होत नव्हता. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडवरची स्टेरॉइड्स यांनी त्याला वाट करून दिली होती.

उबेचा अडसर कायमचा आहे का, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. कँडिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात प्रथम ओळखली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत ती दक्षिण आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी, परंतु वेगवेगळ्या वंशावळींतून प्रकट झाली. ती ४२ अंशांनाही वाढते, अनेक औषधांना दाद देत नाही आणि रुग्णालयात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचते. मे महिन्यात ठाण्याचा पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा उघड्यावरच्या मातीतल्या बुरशीला आपल्या शरीराइतके तापमान बाहेरच सोसावे लागते. पृथ्वी तापत गेली तर असा सराव झालेल्या बुरश्या वाढतील, असा तर्क कासादेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कँडिडा ऑरिसच्या संदर्भात मांडला. तो सिद्ध झालेला नाही. मात्र २०२१ मध्ये भारतीय संशोधकांना अंदमानच्या किनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या दलदलीत, ही बुरशी सापडली, आणि दलदलीतला एक वाण रुग्णांतल्या वाणांच्या तुलनेत ३७ व ४२ अंशांना सावकाश वाढत होता आणि त्याच्यावर औषधेही चालत होती, म्हणजे उबेचा पुरता सराव न झालेले या बुरशीचे रूप कदाचित असेच असावे.