पालक-संमती (पूर्वप्राथमिक शिक्षण व बालसंगोपन), गोवा

सहा वर्षांखालील मूल बालवाडीत, अंगणवाडीत, के.जी.त किंवा पाळणाघरात असताना त्याच्याबाबत घ्यायच्या निर्णयांना आई-वडिलांनी वा कायदेशीर पालकाने समजून-उमजून दिलेला होकार म्हणजे पालक-संमती. प्रवेश, लस व औषध, सहल, छायाचित्र, मुलाला घरी कोणी न्यायचे, वैयक्तिक माहिती, धार्मिक शिक्षण आणि संशोधनातील सहभाग या बाबींत ती घेतली जाते. गोव्यात या विषयाला एक खास बाजू आहे. आई-वडिलांचा मुलावरचा अधिकार येथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला असल्यामुळे ‘सही कोणाची?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा कायदा उभा असतो.

संज्ञा : ‘परवानगी’ हा शब्द फारसीतून आलेला. एखादी ठरावीक गोष्ट करू देणे एवढाच त्याचा अर्थ. ‘संमती’ संस्कृत ‘सम् + मन्’ पासून, म्हणजे मन जुळणे, एकमत होणे. शाळेच्या कागदांत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण भेद पाळणे इष्ट. सहलीला ‘परवानगी’ असते; मुलाला टोचायच्या लसीविषयी माहिती घेऊन, शंका विचारून दिलेली ती ‘संमती’. मराठी वृत्तपत्रांत ‘संमती’ हा शब्द गाजला तो १८९१ च्या संमतिवयाच्या वादात. त्या वर्षीच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. त्याआधीच्या, १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ९० नेही, संदर्भावरून वेगळे दिसत नसेल तर, बारा वर्षांखालील मुलाचा होकार हा होकार मानला नाही. म्हणून बालवाडीच्या वयात संमती नेहमी मुलाच्या वतीने दुसऱ्याची असते. अशा मुलाच्या हितासाठी पालकाच्या स्पष्ट वा गर्भित संमतीने सद्भावपूर्वक केलेल्या कृत्याला दंडसंहितेचे कलम ८९ संरक्षण देई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २७ तेच काम करते.

गोव्यातील पालक-अधिकार : पोर्तुगालची नागरी संहिता गोव्यात केव्हा आली याविषयी संदर्भग्रंथांत १८६७, १८६९ आणि १८७० अशी तिन्ही वर्षे आढळतात. पहिले वर्ष संहितेच्या मंजुरीचे, दुसरे ती सागरापारच्या प्रांतांना लागू करणाऱ्या हुकुमाचे आणि तिसरे प्रत्यक्ष अंमलाचे असल्याने यांत खरा विरोध नाही. मात्र ‘गोव्यात लागू’ असे म्हणताना १८७० हेच वर्ष धरणे अधिक योग्य वाटते. संहितेच्या कलम १३७ नुसार अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलांचे पालन, रक्षण आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था आई-वडिलांकडे सोपवलेली आहे. या हक्कांच्या समुच्चयाला पोर्तुगीजमध्ये ‘पोदेर पातेर्नाल’ म्हणतात. शब्दशः ही पितृसत्ता असली तरी तिच्यात आईचाही वाटा आहे. कलम १३८ म्हणते की आई या अधिकारात सहभागी असते आणि मुलांच्या हिताच्या सर्व गोष्टींत तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. पण विवाह टिकून असेपर्यंत मुलांचे प्रतिनिधित्व करणे विशेषतः कुटुंबप्रमुख म्हणून वडिलांकडे आहे.

या कलमाचे दोन अर्थ लावता येतात. पहिल्यानुसार बाहेरच्या जगाशी, म्हणजे शाळेशी किंवा दवाखान्याशी व्यवहार करताना वडिलांची सही हीच पूर्ण सही ठरते आणि आईचे ‘ऐकले जाणे’ घरातल्या घरात संपते. दुसऱ्यानुसार ‘सहभागी असते’ हे शब्द मुख्य, ‘विशेषतः’ हा शब्द केवळ मतभेदाच्या प्रसंगासाठी. एरवी आईची सही तितकीच पुरेशी. १९१० च्या पोर्तुगीज विवाहविषयक हुकुमाने दांपत्यजीवन स्वातंत्र्य व समता यांवर उभे केले, हे लक्षात घेता दुसरा अर्थच अधिक ग्राह्य ठरतो. व्यवहारही त्याच बाजूचा आहे. बालवाडीच्या दारात मुलाचा हात धरून उभी असते ती बहुधा आई किंवा आजी.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याच्या कलम ५ ने जुने कायदे चालू ठेवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ही संहिता आता भारतीय कायद्याचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. खुद्द पोर्तुगालने मात्र १९६७ मध्ये नवी संहिता लागू केली, १९७७ मध्ये आई-वडिलांना समान अधिकार दिले आणि २००८ मध्ये ‘पोदेर पातेर्नाल’ ही संज्ञाच काढून तिच्या जागी ‘पालकांच्या जबाबदाऱ्या’ आणल्या. जन्मभूमीने टाकलेला मजकूर गोव्यात उरला आहे. देशातील इतर हिंदूंना लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे. ‘वडिलांनंतर आई’ या त्यातील शब्दांचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात ठरवले. तो निवाडा वेगळ्या कायद्यावरचा आहे, म्हणून गोव्याच्या संहितेला तो थेट लावणे कठीण. पण त्यामागचे घटनात्मक समतेचे तत्त्व कलम १३८ वाचतानाही बाजूला ठेवता येणार नाही. बालवाडीच्या अर्जावर ‘वडिलांची सही’ एवढीच रेघ छापणे आज कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही.

लस : गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेच्या फेब्रुवारी २०१७ मधील पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी, लक्षद्वीप यांच्यासह गोवा होता. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाची मुले तिच्या कक्षेत असल्याने बालवाड्याही त्यात आल्या. अशा मोहिमेत शाळेने आधी कळवले आणि पालकाने हरकत घेतली नाही, तर ती संमती मानायची का, हा प्रश्न पुढे दिल्लीत न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मौनाला संमती मानण्यास नकार दिला आणि लसीचे फायदे व संभाव्य त्रास पालकांना कळवून त्यांची संमती घ्यावी असे सांगितले. लस आवश्यक आहे म्हणून पालकाला विचारणे अनावश्यक ठरत नाही. उलट विचारल्यानेच विश्वास बसतो.

भाषा : १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान आणि मराठीला शासकीय वापराची मुभा दिली. खाजगी के.जी.तील संमतिपत्रे मात्र बहुधा इंग्रजीत असतात. घरी कोंकणी किंवा मराठी बोलणाऱ्या, किंवा बांधकामावर आलेल्या कन्नडभाषक आईला मजकूर कळला नसेल, तर कागदावर सही वा अंगठा असूनही संमती नाही, असेच मानले पाहिजे. अंगणवाडीत ही अडचण कमी जाणवते; तेथे विचारणे आणि होकार देणे तोंडीच, समोरासमोर होते. बालवाडी-अंगणवाडीच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः ताराबाई मोडक यांना दिले जाते. त्यांच्या कामात शिक्षिका स्वतः मुलांच्या अंगणात जाई, त्यामुळे शिकवणे घरच्यांच्या डोळ्यांदेखत चाले. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव राहिले, पण मुले केंद्रात येऊ लागली.

पालकाची निवड कुठपर्यंत जाते याचा गोव्यातील सर्वांत तीव्र वाद शिक्षणाच्या माध्यमाचा. १९९० च्या धोरणानुसार प्राथमिक शाळांना अनुदान देशी भाषांतील शिक्षणासाठीच मिळे. २०११ मध्ये पालकांच्या पसंतीचा आधार घेऊन ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले; भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याला कसून विरोध केला. मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राथमिक टप्प्यावर माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा, आणि त्याच्या वतीने पालकाचा, असल्याचे म्हटले. हक्क आणि अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चर्चेत अनेकदा विसरले जाते. माध्यमाचा निर्णय पहिलीत झाला असे कागद सांगतो. प्रत्यक्षात तो तीन वर्षांच्या मुलाला के.जी.त घातले त्याच दिवशी झालेला असतो.

माहिती व छायाचित्रे : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक संस्था व पाळणाघरे यांना मुलांच्या सुरक्षिततेसारख्या मर्यादित कामांपुरती यातून सवलत दिली असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. चतुर्थीच्या कार्यक्रमात नाचणाऱ्या मुलांची चित्रे शाळेच्या जाहिरातीसाठी वापरणे या सवलतीत बसते असे म्हणणे अवघड आहे.

मर्यादा : पालकाची संमती सर्वशक्तिमान नाही. ‘मारलेत तरी चालेल, बाई’ असे आईने सांगितल्याने शारीरिक शिक्षा वैध होत नाही. गोवा बाल कायदा, २००३ तिला मनाई करतो. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे राज्यमान्य किंवा राज्याचे साहाय्य घेणाऱ्या संस्थेत अज्ञान व्यक्तीला तिच्या पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. संशोधनात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सात वर्षांपासून पुढे मुलाचाही होकार मागतात. त्याखाली पालकाचा पुरतो. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे की अगदी लहान मुलालाही स्वतःचे मत असते. पाळणाघरात अनोळखी माणसाकडे जायला रडत नकार देणारे मूल काहीतरी सांगतच असते.

गैरहजर पालक : गोव्यात वडील जहाजावर, म्हणजे ‘तारवटी’, किंवा आखातात असणे आणि मूल आजी-आजोबांकडे राहणे नवे नाही. दोन्ही पालक दूर असतील तर आजी रोजच्या परवानग्या देते, पण केवळ नात्याने ती कायदेशीर पालक ठरत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच आई-वडिलांकडून आजीच्या नावे लेखी अधिकार घेणे, मुलाला कोण नेईल त्यांची नावे व फोटो नोंदवणे आणि शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या निर्णयासाठी आई-वडिलांचा परदेशातील दूरध्वनी क्रमांक वहीत ठेवणे सोयीचे ठरते. जहाजाचा करार संपून वडील परतले की हे कागद पुन्हा पाहावे लागतात.