कागदाची चमक बघा

जलरंग शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या सुरुवातीच्या चित्रांत तीन गोष्टी हमखास घडतात. ओलं असताना छान गडद दिसलेलं आकाश वाळल्यावर फिकट पडतं. एकसारख्या लावलेल्या रंगाच्या कडेला गडद रेघ उमटते. आणि ढग जरा नीट करावा म्हणून अर्धवट वाळलेल्या रंगात पुन्हा ब्रश टेकवला, की तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या हातात कला नाही. माझ्या मते यात हाताचा दोष फार थोडा असतो. ही तिन्ही कामं पाण्याची आहेत, आणि पाणी तसं का वागतं हे कळलं तर सुरुवातीचा बराच मनस्ताप वाचतो.

आधी रंगाकडे बघू. ट्यूबमध्ये मुख्यतः तीन वस्तू असतात: रंगद्रव्याची बारीक पूड, ती धरून ठेवणारा डिंक आणि थोडं ग्लिसरीनसारखं ओलावा टिकवणारं द्रव्य. हा डिंक आपल्या बाभळीच्या नात्यातल्या आफ्रिकी झाडांचा. सुदान त्यासाठी प्रसिद्ध आहे. वाळल्यावरही तो पाण्यात पुन्हा विरघळतो. म्हणून पॅलेटवर सुकलेला रंग फेकून द्यावा लागत नाही, आणि चित्रातला नको असलेला रंग ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये ही सोय नाही, तो एकदा वाळला की वाळला.

आता फिकट पडण्याचं कोडं. कागद पांढरा दिसतो तो त्याच्या तंतूंमुळे. प्रकाश तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत असा जाताना प्रत्येक सीमेवर विखुरतो. तंतूंचा अपवर्तनांक, म्हणजे त्या माध्यमात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.५, हवेचा १; फरक मोठा, म्हणून विखुरणंही जास्त. तंतूंमधल्या जागेत पाणी भरलं की शेजारी १.३३ अपवर्तनांकाचं माध्यम येतं, फरक कमी होतो, प्रकाश खोलवर शिरतो आणि रंग गडद दिसतो. पाणी उडून गेल्यावर तिथे पुन्हा हवा येते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पांढरा प्रकाश रंगात मिसळून परत येतो. ओलं कापड गडद दिसतं त्याचंही कारण हेच. उपाय साधा आहे: डोळ्यांना हवा त्याहून एक पायरी गडद रंग लावायचा आणि निर्णय वाळल्यावरच घ्यायचा.

प्रकाशाच्या याच प्रवासामुळे पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद मोकळा सोडतात. प्रकाश रंगाच्या थरातून जातो, कागदावरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा धरलेली स्त्री, चेहऱ्यावर त्या दिव्याचा उजेड. अनेकांना ते तैलरंगातलं वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. उजळ जागा आधी ठरवून राखल्याशिवाय असा उजेड जलरंगात येत नाही.

कडेच्या गडद रेघेचा उलगडा चहाच्या डागाने होतो. टेबलावर सांडलेला थेंब वाळला की मधे फिका आणि कडेला गडद दिसतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि बाष्पीभवन कडेला सर्वांत वेगाने होतं. तिथलं उडालेलं पाणी भरून काढायला आतलं पाणी बाहेर वाहतं आणि वाहताना कणही सोबत नेतं. रंगाचं डबकं जितकं मोठं, तितकी ही वाहतूक जास्त. म्हणून वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या सलग थराच्या, शेवटी साठलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा.

फुलणाऱ्या डागाची गोष्ट मात्र नीट थांबून समजून घ्यायला हवी, कारण जलरंगाचं सगळं गणित तिथे आहे. पाणी कागदाच्या सूक्ष्म पोकळ्यांतून जास्त ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे ओढलं जातं. पूर्ण ओल्या कागदावर रंग टेकवला तर तो मऊ पसरतो, कारण सगळीकडे पाणी सारखंच आहे. पूर्ण कोरड्यावर कड स्वच्छ येते. धोका मधल्या अवस्थेत. पृष्ठभागावरचं पाणी आत मुरलेलं, रंगाचे कण अजून पक्के बसलेले नाहीत, आणि तुम्ही भरपूर पाणी असलेला ब्रश टेकवता. ते पाणी बाहेर धावतं, वाटेतले कण लोटत नेतं आणि जिथे थांबतं तिथे दातेरी काठ सोडून जातं.

ही अवस्था ओळखायची कशी? कागद डोळ्यांच्या पातळीवर आणून उजेडाच्या दिशेने तिरपा बघा. आरशासारखी चमक असेल तर अजून काम करता येतं. चमक मंद, रेशमी झाली असेल तर फक्त दाट रंग आणि ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी. चमक गेली पण हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो आहे, तर हात आवरा. बाष्पीभवन चालू आहे म्हणून तो गार आहे. मला विचाराल तर पहिले काही आठवडे चित्र काढण्याआधी एवढंच बघायला शिकावं.

आपल्याकडे हे ऋतूप्रमाणे फार बदलतं. जुलैत कोकणात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे वॉश वाळता वाळत नाही आणि ग्लिसरीनमुळे पॅलेटवरचे रंग चिकट राहतात. डिंकावर बुरशीही येते, म्हणून डबी बंद करण्याआधी पंख्याखाली सुकवावी. मे महिन्यात विदर्भात याच्या उलट: आकाशाचं दुसरं टोक रंगवेपर्यंत पहिलं वाळलेलं. तिथे कागद मागून-पुढून भिजवून घेतला तर वेळ मिळतो.

रंगद्रव्यांचेही स्वभाव आहेत. अल्ट्रामरीन या निळ्याचे कण तुलनेने मोठे. ते एकमेकांना बिलगतात आणि कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात. थॅलो निळ्याचे कण त्याहून कितीतरी बारीक, ते तंतूंत शिरतात आणि मग ब्रशने उचलता येत नाहीत. ट्यूबवर लहान अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो, अल्ट्रामरीनचा पीबी २९, थॅलो निळ्याचा पीबी १५. नावापेक्षा कोड बघून घ्या. निरनिराळ्या कंपन्यांची नावं फसवतात.

पैसे मोजके असतील तर ते रंगांपेक्षा कागदावर घाला. चांगल्या कागदाला जिलेटिनसारखी खळ दिलेली असते. ती पाणी काही काळ वर धरून ठेवते, म्हणजे चमकेच्या सगळ्या पायऱ्या दिसायला वेळ मिळतो. पातळ ड्रॉइंग शीटवर पाणी लगेच आत जातं, तंतू फुगतात, कागदाला लाटा येतात आणि लाटांच्या खळग्यांत रंग साठतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद महाग आहे, पण एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे करता येतात.

त्यातल्या एका तुकड्यावर एक सरावही करून बघा. एकाच रंगाची रुंद पट्टी ओढा आणि दर मिनिटाला तिच्या वेगळ्या भागात साध्या पाण्याचा थेंब सोडा, पट्टी पूर्ण वाळेपर्यंत. कुठल्या मिनिटाला डाग फुलायला लागतो आणि कुठल्या मिनिटानंतर थांबतो, हे तिथेच पेन्सिलने लिहा. कागदाचं नाव आणि महिनाही लिहा, कारण जुलैतली पट्टी डिसेंबरात उपयोगी पडत नाही. तेव्हा नवी ओढावी लागते.