शिक्षकांचे विधिशिक्षण

शिक्षकांचे विधिशिक्षण : वकिलीशी संबंध नसलेल्या शालेय शिक्षकांना विधिव्यवस्थेची रचना, न्यायालयांची कार्यपद्धती आणि शिक्षक या नात्याने येणारी वैधानिक कर्तव्ये यांची प्राथमिक ओळख करून देणारे प्रशिक्षण. त्याचे हेतू दोन आहेत आणि व्यवहारात त्यांची बरीच सरमिसळ होते. नागरिकशास्त्रातील संविधान, कायदा व न्यायसंस्था हे घटक शिकवणाऱ्याला त्या विषयाची पुरेशी जाण असावी, हा पहिला हेतू अध्यापनाशी निगडित आहे. दुसरा हेतू व्यवसायाशी निगडित असून प्रवेश, शिस्त, बालकांची सुरक्षितता व सेवाशर्ती यांबाबत शिक्षकाला स्वतःलाच कायदा पाळावा लागतो, या वस्तुस्थितीतून तो आला आहे.

या शिक्षणाला संघटित रूप प्रथम अमेरिकेत मिळालेले दिसते. मात्र त्याचा उगम नेमका कोठे मानावा, याची मांडणी दोन प्रकारे करता येते. एका मांडणीनुसार तो 1960 नंतरच्या दशकात, मूलभूत हक्कांची सनद शाळेत अधिक सखोल शिकवली जावी या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांच्या आग्रहात आहे. आयझिडोर स्टार यांचे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते. दुसऱ्या मांडणीत वकिलांच्या संघटनेने 1970 नंतर घेतलेला पुढाकार आणि 1972 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधिशाखेतून सुरू झालेला ‘स्ट्रीट लॉ’ हा उपक्रम यांना आरंभस्थान दिले जाते. या उपक्रमात विधिशाखेचे विद्यार्थी वॉशिंग्टनमधील माध्यमिक शाळांत जाऊन दैनंदिन व्यवहारातील कायदा शिकवत असत. तेथे शाळेच्या शिक्षकाची भूमिका दुय्यम होती. म्हणून केवळ शिक्षकांच्या प्रशिक्षणापुरते पाहता पहिली मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. 1978 च्या अमेरिकी संघीय कायद्याने या शिक्षणाची व्याख्या केली. वकील नसलेल्यांना कायदा, कायदेशीर प्रक्रिया व विधिव्यवस्था यांविषयीचे ज्ञान व कौशल्ये आणि त्यांमागील मूलतत्त्वे देणे, असा तिचा आशय असून पुढील बहुतेक अभ्यासक्रमांची चौकट तिच्याशी जुळते. इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1998 च्या अहवालानंतर, 2002 पासून माध्यमिक स्तरावर नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला.

या शिक्षणाचा सैद्धांतिक गाभा म्हणजे शिक्षकाच्या अधिकाराचा उगम. विल्यम ब्लॅकस्टन यांनी इंग्लंडच्या कायद्यावरील आपल्या भाष्यग्रंथात (1765–69) असे प्रतिपादन केले, की पिता आपल्या पालकत्वाच्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाकडे सोपवू शकतो आणि ज्या कामासाठी मूल सोपवले आहे त्या कामापुरता शिक्षक पालकाच्या जागी उभा राहतो. हा पालकस्थानीयतेचा सिद्धांत दुधारी ठरला. त्याने शिक्षकाला शिक्षा करण्याची मुभा दिली, तसेच त्याच्यावर काळजीचे ओझेही टाकले; 1893 च्या विल्यम्स विरुद्ध इडी या इंग्लिश खटल्यात शिक्षकाने दक्ष पित्याइतकी काळजी घेतली पाहिजे, हे मानक स्पष्ट झाले. परंतु शिक्षण सक्तीचे झाल्यावर या सिद्धांताचा पायाच डळमळीत होतो, कारण सक्तीने शाळेत आलेल्या मुलाबाबत पालकाने अधिकार स्वेच्छेने सोपवला असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ. या प्रकरणात सरकारी शाळेचे अधिकारी हे पालकांचे केवळ प्रतिनिधी नसून राज्यसंस्थेचे प्रतिनिधी आहेत, असे म्हटले. शिक्षकाचा अधिकार राज्यसंस्थेकडून येत असेल, तर राज्यसंस्थेवरील मर्यादाही त्याला लागू होतात. विधिशिक्षणाची सुरुवात येथून करणे इष्ट होय. कलमांच्या याद्यांपासून सुरुवात केल्यास शिक्षकाच्या हाती नियम राहतो, पण त्यामागील कारण निसटते.

भारतात हेच स्थित्यंतर शारीरिक शिक्षेच्या प्रश्नात दिसते. भारतीय दंड संहिता, 1860 मधील कलम 88 व 89 यांत संमतीने, सद्‌भावनेने व संबंधिताच्या हितासाठी केलेल्या कृतीस संरक्षण होते; त्यांतील दुसरे कलम बारा वर्षांखालील बालकासाठी पालकाच्या संमतीवर आधारलेले होते. शिक्षकांच्या बचावासाठी ही कलमे वापरली गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिल्लीच्या शालेय शिक्षण नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना प्रतिबंध केला. या अधिनियमातील बालकाची व्याख्या मात्र सहा ते चौदा वर्षे एवढीच आहे. त्यापुढील वयाच्या विद्यार्थ्यांसाठी सेवानियम, तसेच बाल न्याय अधिनियम, 2015 मधील बालकाशी क्रूर वर्तन करण्यासंबंधीचे कलम 75 पाहावे लागते. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतल्यामुळे जुन्या प्रशिक्षण पुस्तिकांतील कलमक्रमांक तपासून घेणे आवश्यक झाले आहे.

शिक्षकांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा भाग म्हणजे विधीच्या स्रोतांची उतरंड. महाराष्ट्रातील शिक्षकाची कायद्याशी गाठ पडते ती सहसा शासन निर्णयातून किंवा शिक्षणाधिकाऱ्यांच्या परिपत्रकातून, आणि तोच कायदा असे तो धरून चालतो. वास्तविक संविधान, त्याखाली संसदेचा वा विधानमंडळाचा अधिनियम, अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेले नियम आणि शेवटी कार्यकारी आदेश असा हा क्रम आहे. संविधानाचा अनुच्छेद 21-क, त्यावर आधारलेला 2009 चा अधिनियम व महाराष्ट्राचे 2011 चे नियम ही साखळी उदाहरण म्हणून सोयीची आहे. शासन निर्णय अधिनियमातील उणीव भरून काढू शकतो, पण त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. या अधिनियमाच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकाला शिक्षणेतर कामावर नेमता येत नाही; एखादा आदेश या चौकटीत बसतो की नाही, हे ठरवण्यासाठी आदेशाच्या मथळ्याखालील संदर्भ वाचण्याची सवय उपयोगी पडते. अधिनियमांचा अर्थ न्यायालये लावतात आणि अनुच्छेद 141 अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला विधी सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो, हेही या टप्प्यावर सांगणे योग्य.

दिवाणी व फौजदारी यांतील भेद बहुतेकांना ढोबळपणे माहीत असतो. परंतु सेवाविषयक चौकशी ही या दोहोंहून वेगळी प्रक्रिया असून तिच्यात पुराव्याचे मानक फौजदारी खटल्याइतके कडक नसते, ही बाब पुरेशी माहीत नसते. त्यामुळे फौजदारी न्यायालयातून निर्दोष सुटल्यावर खात्याची कारवाई आपोआप संपते, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मान्यताप्राप्त खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा सेवाशर्ती विनियमन अधिनियम असून बडतर्फी, पदावनती इत्यादींविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सरकारी व जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा मार्ग लागू नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 मुळे शिक्षकांच्या विधिशिक्षणाला निकड आली. कलम 19 नुसार असा अपराध घडल्याचे ज्ञात असलेल्या, किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना वा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती दिलीच पाहिजे. मुलीने वर्गशिक्षिकेजवळ काही सांगितले आणि शिक्षिकेने ते मुख्याध्यापकांच्या कानावर घातले, एवढ्याने कलमातील शब्दांनुसार कर्तव्य पूर्ण होत नाही. आरोपाची खातरजमा करणे हे तिचे काम नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्याला उत्तरदायित्वापासून संरक्षण आहे. माहिती न दिल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीच्या अपराधाबाबत संस्थाप्रमुखाने मौन बाळगल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. बालकाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करण्यासही कलम 23 ने मनाई केली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाशी संबंधित प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध असल्याचे म्हटले. प्रशिक्षणाचा वेळ मोजका असेल तर तो प्रथम या भागासाठी राखावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अध्यापनपद्धतींपैकी अभिरूप न्यायालय ही सर्वाधिक परिचित आहे. तिच्यात शिक्षक आळीपाळीने फिर्यादी, बचाव पक्ष, साक्षीदार व न्यायाधीश होतात. निकाल कोणाच्या बाजूने लागतो याला येथे महत्त्व नसते. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट यांतील फरक साक्षीदाराची उलटतपासणी होताना जसा ठसतो, तसा व्याख्यानातून ठसत नाही. प्रकरण-अभ्यासाची पद्धत तुलनेने कमी वेळात होते, परंतु तिला निकालपत्र वाचण्याचा सराव लागतो.

भारतात विधिसाक्षरतेच्या प्रसाराची संस्थात्मक जबाबदारी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खालील प्राधिकरणांकडे आहे. हा अधिनियम 9 नोव्हेंबर 1995 रोजी अंमलात आला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांची शिबिरे शाळांतून होतात. तथापि त्यांचा रोख मुख्यतः विद्यार्थ्यांकडे असतो.