जर्सी सिटीतली चार्टर शाळा: अर्ज नेमका कुठे अडकतो

"डोनेशन किती घेतात?" नव्यानं आलेल्या मराठी घरांतून पहिला प्रश्न हाच येतो. एक डॉलरही नाही. चार्टर शाळा म्हणजे राज्याच्या परवान्यावर स्वतंत्र मंडळानं चालवलेली शाळा, पण ती सरकारी पैशांवर चालते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. न्यू जर्सीच्या 1995 च्या कायद्यानुसार मुलाची हुशारी किंवा मार्क बघून प्रवेश देता येत नाही, त्यामुळे पुण्याच्या शाळेचं प्रगतिपुस्तक स्कॅन करून अर्जाला जोडू नका. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी. त्यात शाळेत आधीच असलेल्या मुलांच्या भावंडांना आणि शहरातल्या रहिवाशांना अग्रक्रम. छोट्या शाळेत बालवर्गाच्या बऱ्याच जागा भावंडांतच संपतात, म्हणून एकाच शाळेवर भिस्त ठेवू नका.

आता तारखा. जर्नल स्क्वेअरला चहा पिताना एका बाबांनी मला फोनवर अर्जाची मुदत दाखवली: 02/03. "अजून महिना आहे," म्हणाले. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. इथे महिना आधी लिहितात, ती 3 फेब्रुवारी होती. जन्मतारखेतही हेच होतं. 4 जूनचं मूल फॉर्मवर 6 एप्रिलचं होतं, मग पासपोर्टशी तारीख जुळत नाही आणि कार्यालयातल्या बाई तुमच्याकडे संशयानं बघतात. महिन्याचं नाव अक्षरी निवडायची सोय असेल तर तीच वापरा.

जन्मदाखला भारतातून निघतानाच बघा. बारशाआधी नोंद झालेली असली तर कित्येक दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. नाव नंतर घालता येतं, पण त्यासाठी पालिकेत कुणाला तरी खेटे घालावे लागतात आणि ते इथून होत नाही. पासपोर्टवर काम भागतं, तरी तो दाखला पुढे लागतोच.

पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार आणि वीजबिल. मित्राकडे राहत असाल तर त्याचा भाडेकरार आणि 'हे माझ्या घरी राहतात' असं त्याचं नोटरी केलेलं पत्र चालतं का, ते आधी विचारा. सोशल सिक्युरिटी नंबर आणि व्हिसा मागायचा शाळेला अधिकार नाही. मागितला तर शांतपणे "कशासाठी?" विचारा, बहुतेकदा जुनाच फॉर्म कुणीतरी पुढे सरकवलेला असतो.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते लसींवर. आपल्याकडची गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. न्यू जर्सीला गोवरचे दोन डोस हवेत, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला धरत नाहीत. म्हणजे कार्डावर दोन डोस असूनही इथे हिशेब एकाचाच. शिवाय सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नसते, कांजिण्यांचीही नसते. इथे दोन्ही लागतात. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचे चार डोस, त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतरचा, नाहीतर एकूण पाच. मूळ कार्ड हातसामानात ठेवा, बोटीनं पाठवलेल्या खोक्यात नको. परदेशातून आलेल्या मुलाला जुने कागद आणायला 30 दिवस मिळतात, हे कार्यालयात कधीकधी तुम्हालाच सांगावं लागतं. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर पालकांचं लेखी निवेदन चालतं.

भारतातून आलेल्या मुलाला क्षयाची तपासणीही लागते. बीसीजी (क्षयाची लस) झालेल्या मुलाच्या हातावर त्वचेची चाचणी केली की ती जागा सुजू शकते. मग एक्स-रे, घबराट आणि आजीचा रात्रीचा फोन. डॉक्टरांकडे थेट रक्ताची चाचणी मागा, बीसीजीमुळे ती फसत नाही.

प्रवेशानंतर येतो मोफत किंवा स्वस्त जेवणाचा, म्हणजे घरच्या उत्पन्नाचा फॉर्म. "आपण काय गरीब आहोत का?" म्हणून आपले लोक तो परत करतात, कुणाला व्हिसाची भीती वाटते. शाळेतलं जेवण सरकारी मदतीवर अवलंबून असल्याच्या हिशेबात धरत नाहीत. उलट शाळेची गरज तिथूनच मोजली जाते. शहराच्या शिक्षण विभागाकडून चार्टर शाळेला दर मुलामागे ठरलेल्या रकमेच्या 90 टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, पण इमारतीसाठी वेगळं नियमित अनुदान नाही. भाडं त्यातूनच जातं. म्हणूनच काही शाळांना मैदान नसतं आणि जेवणाच्या खोलीतच कवायत होते. त्याला बघून नाक मुरडण्याआधी राज्याचा शाळा अहवाल उघडा.

तो अहवाल मात्र नीट वाचा. तिसरी ते आठवीच्या इंग्रजी आणि गणिताच्या राज्य परीक्षेत 2025 पर्यंत 650 ते 850 गुण असायचे, 750 ला 'अपेक्षा पूर्ण'. छोट्या शाळेत तिसरीत 40 मुलं असतील, तर दोघं घसरली की निकाल 5 टक्क्यांनी पडतो. एका वर्षाच्या आकड्यावर शाळा ठरवू नका, तीन वर्षं शेजारी ठेवा. गट फार लहान असला की आकड्याऐवजी तारा दिसतो. ती लपवाछपवी नाही, मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून असतं. 'आशियाई' या एकाच रकान्यात आपण, तेलुगू, चिनी, फिलिपिनो सगळे असतात, त्यामुळे शाळेत मराठी किती ते तिथून कळणार नाही. पहिला परवाना चार वर्षांचा, नंतर नूतनीकरण पाच वर्षांचं. ते कधी आहे आणि मागच्या वेळी राज्यानं काय अटी घातल्या, तेवढं विचारा.

आणि फॉर्मवर भारतातला नंबर देऊ नका. प्रतीक्षायादीतून बोलावणं ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरातही येतं आणि होकारासाठी एखाददुसरा दिवसच मिळतो. अनोळखी नंबर उचला, ई-मेलचं स्पॅमही बघत चला.