‘बिल ट्रेझरीत अडकलंय’ : राज्याचा खजिनदार नेमका कोण?

कंत्राटदार असो, निवृत्त शिक्षक असो की शिष्यवृत्तीची वाट पाहणारा विद्यार्थी, पैसे का आले नाहीत विचारलं की सरकारी कचेरीतून एकच उत्तर मिळतं: बिल ट्रेझरीत अडकलंय. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लोखंडी दरवाजा येतो, आत नोटांच्या थप्प्या आणि किल्ली खिशात घालून बसलेला कुणी अधिकारी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत राज्याचा खजिनदार लोकांनी निवडून दिलेला असतो, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हे तिथे ठरलेलं असतं. महाराष्ट्रात त्या नावाचं पद नाही. अर्थसंकल्प मंत्री मांडतात आणि निधी वित्त विभाग सोडतो. बिल जिल्हा कोषागार तपासतं, रोकड रिझर्व्ह बँकेच्या खात्यात असते आणि हिशेब महालेखापालांकडे लागतो. खजिनदाराचं काम असं पाच ठिकाणी विखुरलं आहे.

ही विभागणी नवी नाही, आडनावं पाहिली तरी कळतं. शिवकालीन अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, ‘खजिना’ होता, बारा महालांत ‘पोते’ होतं आणि त्यांच्या वर जमाखर्च पाहणारा अमात्य. पेशवाईत पोतनीस रोकड सांभाळी, पोतदार नाणं पारखी, फडणीस हिशेब लिही, मुजुमदार तो तपासून शिक्का करी. हे दरकदार, म्हणजे हक्काने पद धारण करणारे अधिकारी, परगण्यात नेमलेले असले तरी मामलेदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे. पैशाला हात लावणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, हा त्यामागचा हेतू. त्यात वजन कुणाचं वाढलं हेही सर्वांना ठाऊक आहे. राज्याचा कारभार शेवटी एका फडणिसाच्या हातात गेला, पोतनिसाच्या नाही.

१८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्या कलेक्टरच्या हाती दिल्या. जिल्ह्याच्या तिजोरीवर ‘हुजूर डेप्युटी कलेक्टर’, तालुक्याला मामलेदार कचेरीतच उपकोषागार. दुहेरी कुलपाची पद्धत तेव्हापासूनची: एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी रोकड सांभाळणाऱ्याकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. गाठोडी खऱ्या नाण्यांची असत आणि दारावर पोलिसाचा पहारा असे. पण तो पैसा मुंबई इलाख्याचा स्वतःचा म्हणावा असा नव्हताच. प्रांतांची शिल्लक हिंदुस्थान सरकारच्या शिलकीतच असे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याची प्रांतांपुरती अंमलबजावणी १९३७ मध्ये झाली आणि मग प्रांतांची रिझर्व्ह बँकेत वेगळी खाती आली.

पुढचा बदल गाजावाजा न होता झाला. १९५५ मध्ये स्टेट बँक स्थापन झाली आणि तिच्या शाखा गावोगाव पोचू लागल्या, तशी कोषागारांची रोकड बँकेच्या खिडकीकडे सरकली. १९६८ चे महाराष्ट्र कोषागार नियम लिहिले गेले तोवर कोषागाराचं खरं काम तपासणीचं झालं होतं. बिलासाठी पितळी टोकन घ्यायचं. आत लेखापाल लेखाशीर्ष (खर्च कुठल्या सदरात पडतो), तरतूद, मंजुरीचा आदेश, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची (कचेरीतर्फे पैसे काढून वाटणाऱ्याची) नमुना सही असं एकेक पडताळणार. पटलं तर ‘पारित’, नाही तर लाल शाईत आक्षेप आणि बिल परत. पैसे द्यायचे ते बँक देणार. म्हणजे कोषागाराच्या हातात पैसे नव्हते, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तेवढा होता. मुंबईत तर या कार्यालयाला कोषागार म्हणतही नाहीत, ते ‘अधिदान व लेखा कार्यालय’.

त्या अधिकाराची कसोटी ३१ मार्चला लागे. ज्यांनी ती रात्र पाहिली आहे त्यांना सांगायला नको. जिन्यापर्यंत रांग, टेबलावर बिलांचे गठ्ठे, कुठल्याशा खात्याचा शिपाई बाराला पाच कमी असताना मंत्रालयातून आलेला फॅक्स धरून उभा. वर्ष संपलं की न वापरलेली तरतूद व्यपगत, म्हणजे रद्द, होते, म्हणून वर्षभर निजलेली खाती त्या आठवड्यात जागी होत.

आणि याच रात्रीच्या पोटी, निदान बऱ्याच अंशी, एक गुंता वाढला. त्याचं अधिकृत मराठी नाव ‘स्वीय प्रपंजी लेखा’. कचेरीत हे कुणी उच्चारत नाही, सगळे ‘पीएलए’ म्हणतात. ‘स्वीय’ म्हणजे वैयक्तिक, त्यामुळे बाहेरच्याला वाटतं की साहेबाचं खासगी खातं आहे. तसं नाही. एखाद्या पदाच्या नावे, समजा विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या नावे, कोषागारातच उघडलेलं ते ठेव खातं असतं. पैसा सरकारच्या शिलकीतच राहतो, एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य खात्यातून, निघून लोकलेख्यात, म्हणजे सरकारकडच्या ठेवींच्या हिशेबात, ८४४३ या शीर्षाखाली जाऊन बसतो, इतकंच.

पण त्या ‘इतकंच’मध्ये सारं आलं. एकत्रित निधीतून रक्कम निघाली की हिशेबात खर्च पडला. विधानमंडळाने मंजूर केलेला पैसा त्याच वर्षी वापरला गेला, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात रस्ता झालेला नसतो आणि शेतकऱ्याच्या हातावर मोबदलाही पडलेला नसतो. संविधानाच्या अनुच्छेद २०४ नुसार खर्चाला दरवर्षी विनियोजन विधेयकातून मंजुरी घ्यावी लागते. पीएलए त्या वार्षिक मर्यादेतून सुटायला मागचं दार उघडून देतो. म्हणूनच एकत्रित निधीतून भरलेलं असं खातं वर्षअखेरीस बंद करून शिल्लक मूळ शीर्षाला परत करावी, हा दंडक आहे. तो पाळला जात नाही, शिलकींचा ताळमेळ घेतला जात नाही, हा आक्षेप लेखापरीक्षणाच्या अहवालांत इतक्या वेळा आला आहे की परिच्छेद आधीच टंकून ठेवला असावा अशी शंका येते.

दुसरी बाजू अगदीच लंगडी नाही. भूसंपादनाचा मोबदला एका दिवसात वाटला जात नाही. सातबाऱ्यावर नावांचा गोंधळ असतो, वारस भांडत असतात, कुणी न्यायालयात गेलेला असतो. ३१ मार्चला पैसे परत गेले तर त्या गावाने पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहायची का? शिवाय पीएलएमधली रक्कम सरकारच्या शिलकीत तरी राहते. तीच काढून कुठल्याशा बँकेच्या शाखेत ठेवली तर राज्य एकीकडे कर्ज काढतं आणि दुसरीकडे त्याचेच पैसे बँकेत पडून राहतात. वित्त विभाग अशी बाहेरची खाती बंद करायला सांगतो ते याचसाठी. हे सारं मान्य केलं तरी सवलत अडलेल्या मोबदल्यासाठी होती. तिचा आसरा आळशी विभागांनी घेतला आणि बिल पारित करणाऱ्या कोषागाराला त्यात बोट ठेवायला जागा उरली नाही. मंजुरी आहे, तरतूद आहे, खातं रीतसर उघडलेलं आहे. आक्षेप कशावर घेणार?

संगणक आल्यावर ‘नाही’ म्हणण्याची जागाच बदलली. पगार ‘सेवार्थ’, जमा ‘ग्रास’ आणि निधीवाटप ‘बीम्स’ या संगणक प्रणालींमधून होऊ लागलं. आता तरतूद अर्थसंकल्पात छापलेली असून भागत नाही. वित्त विभाग वर्षाच्या सुरुवातीला तिच्यातला ठरावीक टक्काच वितरणासाठी मोकळा करतो, मग तो प्रशासकीय विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे आणि तिथून आहरण अधिकाऱ्याकडे उतरतो. स्क्रीनवर निधी दिसल्याशिवाय प्राधिकारपत्र, कचेरीच्या भाषेत ‘बीडीएस’, निघत नाही, आणि त्याशिवाय कोषागार बिल घेतच नाही. कचेरीतला प्रश्नही बदलला. पूर्वी ‘टोकन नंबर किती?’ विचारत, आता ‘बीडीएस निघाली का?’

रोकड अपुरी पडली तर रिझर्व्ह बँकेकडून उसनवारीची सोय आहे, तिच्यापलीकडे ओव्हरड्राफ्ट. तो सलग किती दिवस चालू द्यायचा याला मर्यादा आहे: १४ कामकाजाचे दिवस, २०२० च्या साथीत तात्पुरती २१ केलेली. त्या रेषेच्या अलीकडे राहायचं तर कुणाला आधी द्यायचं आणि कुणाला थांबवायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते मंत्रालयात ठरतं, आणि त्यावर लाल शाईचा शेरा नसतो. फक्त निधी उतरत नाही.

जिल्ह्याच्या कोषागारात दुहेरी कुलूप आजही आहे. त्याच्या आड मुद्रांकांचे गठ्ठे असतात आणि इतर कचेऱ्यांनी ठेवायला दिलेली सीलबंद पाकिटे. थकलेल्या बिलाची चौकशी करायला कुणी तिथल्या खिडकीवर गेलं तर कारकून नोंद शोधून सांगतो की या क्रमांकाचं बिल आमच्याकडे आलेलंच नाही. ते अजून त्याच कचेरीच्या कपाटात असतं, जिथे ‘ट्रेझरीत अडकलंय’ असं सांगितलं गेलं होतं.