सरकारी कंत्राटदार कंपनीत भेदभाव झाला? अमेरिकेत तक्रार कुठे करायची, किती दिवसांत

अमेरिकेच्या केंद्र सरकारची कामं घेणाऱ्या कंपन्यांत आपली बरीच मराठी मंडळी नोकरीला आहेत. गरोदर असल्याचं कळताच प्रोजेक्टवरून काढलं, भारतीय म्हणून बढतीत डावललं, अशा तक्रारी खऱ्या असूनही फेटाळल्या जातात. अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो, नाहीतर उशिरा जातो.

आधी कार्यालयाचा घोळ. १९६५च्या कार्यकारी आदेश ११२४६मुळे कंत्राटदारांविरुद्ध वंश, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून तक्रार कामगार खात्याच्या ओएफसीसीपीकडे (सरकारी कंत्राटदारांवर लक्ष ठेवणारं कार्यालय) करता यायची. तो आदेश २१ जानेवारी २०२५ला रद्द झाला. नेटवरची जुनी माहिती मात्र अजून तिकडेच पाठवते. ओएफसीसीपीकडे आता दोनच विषय उरले: अपंगत्व (१९७३च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०३) आणि माजी सैनिक (१९७४चा कायदा). दोन्हींना मुदत ३०० दिवस. बाकी सगळ्यासाठी ईईओसी, म्हणजे समान रोजगार संधी आयोग.

आदेश गेला म्हणजे संरक्षणच गेलं, असं समजून गप्प बसलेली माणसं मला भेटली आहेत. कृपा करून तसं करू नका. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं नोकरीतला भेदभाव रोखणारं सातवं प्रकरण त्या आदेशावर कधीच अवलंबून नव्हतं. कंपनीत १५ किंवा जास्त कर्मचारी असले की ते लागू होतं. वयाच्या भेदभावाला वेगळा कायदा आहे: तुमचं वय ४० किंवा जास्त हवं आणि कर्मचारी २०.

आता मुदत. सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात. ईईओसीकडे मूळ मुदत १८० दिवसांची. राज्याची स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा असेल तर ३००. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात ३००, पण जॉर्जियात खासगी कंपनीविरुद्ध १८०च. शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळं धरून मोजायचं.

आणि मोजायचं निर्णय तुम्हाला कळवला त्या दिवसापासून. न्यू जर्सीची एक मुलगी जानेवारीत माझ्याकडे फाईल घेऊन आली. तारखेनुसार लावलेले मेल, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी. काढणार असल्याचं तिला ५ मार्चला सांगितलं होतं, शेवटचा दिवस ३० एप्रिल. मधले कित्येक महिने एचआर "चौकशी चालू आहे" म्हणत राहिलं. तिने ३० एप्रिलपासून दिवस मोजले होते. मुदत ३० डिसेंबरलाच संपली होती. एचआरच्या चौकशीमुळे एक दिवसही वाढून मिळत नाही. भारतात परत गेलात तरी दिवस थांबत नाहीत.

सरकारी कार्यालयातच बसून काम करत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. रोजचं काम सरकारी अधिकारीच नेमून देत असेल, वेळा तोच ठरवत असेल, तर ते खातंही तुमचं मालक ठरू शकतं. त्या खात्याविरुद्ध जायचं तर त्यांच्या समान संधी समुपदेशकाला ४५ दिवसांत गाठावं लागतं. शंका असली तरी ४५ दिवसांच्या आत जाऊन या.

पोर्टलवर प्रश्नावली भरली म्हणजे तक्रार झाली, असं नाही. ती नुसती चौकशीची नोंद. पुढे मुलाखत होते, मसुदा तयार होतो, त्यावर तुम्ही सही करता, तेव्हा रीतसर तक्रार दाखल होते. मुलाखतीची तारीख लांबची मिळाली तर मुदत संपत आल्याचं लगेच लेखी कळवा. हा फरक पोर्टलवर ठळक अक्षरांत सांगायला हवा. फी काही नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही.

व्हिसाबद्दल नीट समजून घ्या. एच-१बीवर असलात तरी सातव्या प्रकरणाचं संरक्षण तुम्हाला आहे. पण "भारतीय म्हणून नाकारलं" आणि "नागरिक नाही म्हणून नाकारलं" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी या कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्येच सांगितलंय. काही सरकारी कामांना नागरिकत्वाची अट कायदेशीरपणेच असते. अर्जात दोन्हींची सरमिसळ झाली की अर्ज कमकुवत होतो.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा कागद डब्ल्यू-२, म्हणजे मालक दरवर्षी देतो तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. मालक म्हणून त्यावरचंच नाव लिहा. मधल्या व्हेंडरचं किंवा क्लायंटचं नाव तेवढं लिहून चालत नाही. पे-स्टब, अप्रेझल, नोकरीवरून काढल्याचं पत्र जोडा. लेखी पुरावा नाही म्हणून थांबू नका. कोण, कधी, कोणासमोर काय बोललं, हे आजच वहीत लिहून काढा. कामाच्या लॅपटॉपवरून गोपनीय फाईली घरच्या मेलवर मात्र पाठवू नका. कंपनीला तुम्हाला काढायला तेवढं कारण पुरतं.

तक्रार केली म्हणून त्रास देणंही बेकायदेशीरच आहे आणि त्याची तक्रार वेगळी करता येते. तिचे दिवसही वेगळे मोजतात.

शेवटी ईईओसीकडून दावा करण्याच्या हक्काचं पत्र येतं. ते मिळाल्यापासून ९० दिवसांत कोर्टात जावं लागतं. पत्र पोर्टलवर येतं आणि त्याची सूचना मेलने, म्हणून अर्जात कंपनीचा मेल-पत्ता देऊ नका. नोकरी गेली की तो बंद होतो.