रस्ता नसलेल्या अरण्याचा कायदा

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या गिला राष्ट्रीय वनातील एका विस्तीर्ण भूभागात रस्ते काढायचे नाहीत, असा निर्णय तिथल्या वनखात्याने १९२४ साली, वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहावरून घेतला. निर्णय दूरदृष्टीचा होता, परंतु खात्याने दिलेले संरक्षण खातेच काढून घेऊ शकत होते. ही उणीव दूर करण्यासाठी वाइल्डरनेस सोसायटी या अरण्यरक्षक संस्थेचे हॉवर्ड झानायझर यांनी १९५६ मध्ये कायद्याचा पहिला मसुदा लिहिला आणि पुढची आठ वर्षे त्याच्या दुरुस्त्यांत घालवली. मे १९६४ मध्ये ते वारले. अध्यक्ष जॉन्सन यांची या कायद्यावर, म्हणजे वाइल्डरनेस अ‍ॅक्टवर, स्वाक्षरी झाली ती ३ सप्टेंबरला.

या कायद्याखालील क्षेत्रात कायमचे रस्ते, मोटारगाड्या, लाकूडतोडीचा व्यवसाय यांना मनाई आहे, आणि वाटेवर पडलेले झाड कापायलाही वनकर्मचारी सहसा हातकरवतच वापरतात. हा अट्टहास वाटेल, पण त्यामागे भक्कम कारण आहे. उतारावर रस्ता खोदला की माती सुटून ओढ्यात गाळ जातो, चाकांना चिकटून परक्या तणांचे बी आत शिरते आणि सलग अधिवासाचे तुकडे पडतात.

दुसरा लाभ ज्ञानाचा आहे, आणि मला तो तितकाच मोलाचा वाटतो. गिलामध्ये १९७०च्या दशकापासून विजेमुळे लागणाऱ्या काही आगी, त्यांवर लक्ष ठेवून, जळू दिल्या गेल्या. तिथल्या पाँडेरोसा पाइन या वृक्षाची साल जाड असते. जमिनीलगतची आग गवत, सुईसारखी सुकी पाने आणि दाटीने उगवलेली रोपे जाळते, मोठी झाडे मात्र तगतात. आग दशकानुदशके विझवत राहिल्यास याच रोपांची दाट झाडी होते आणि तिच्या आधाराने ज्वाळा थेट शेंड्यांपर्यंत चढतात. ही तुलना प्रत्यक्ष रानात करता येते, कारण असे प्रदेश राखून ठेवलेले आहेत.

आरंभी ९१ लाख एकर असलेले या कायद्याखालचे एकूण क्षेत्र आज ११ कोटी एकरांहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट आहे, आणि त्यातील निम्म्याहून जास्त अलास्कात आहे. तडजोडीही झाल्या: आधीपासूनची गुरेचराई चालू राहिली, खाणींचे नवे दावे १९८३ अखेरपर्यंत करता येत होते. एकदा तोडलेले, देशाच्या पूर्वेकडचे जंगल या संरक्षणाला पात्र नाही, हा वनखात्याचा आक्षेप मात्र काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मानला नाही. जानेवारी १९७५ च्या कायद्याने पूर्वेकडील १६ क्षेत्रे, पुन्हा वाढत असलेल्या झाडीसह, संरक्षणाखाली आली.